पाठमोरं जहाज

सतराव्या शतकातल्या एका डच व्यापारी जहाजाचं रेखाचित्र बरेच दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. चित्रकार थोरला विलेम व्हान दे व्हेल्दे. समुद्रावर लढाई ऐन भरात असताना हा गृहस्थ लहानशा होडीत बसून कागद काळे करायचा. तोफगोळ्यांपेक्षा कागद भिजण्याचीच त्याला धास्ती असावी. इथलं जहाज मात्र निवांत पाठमोरं उभं आहे, आणि दागिने सगळे पाठीवर! वेलबुट्टी, गुबगुबीत बाळं, वर समईसारखे कंदील. नाळेवर सिंह बसवायची पद्धत होती म्हणे, पण कोरणाऱ्या बहुतेकांनी शेजारच्या कुत्र्यावरच भागवलं असणार.

या सपाट पिछाडीला डच लोक ‘स्पीगेल’ म्हणत, म्हणजे आरसा. कप्तानाची खोली तिथंच, म्हणून थाटही तिथंच, हे खरं. तरी मला वाटतं, हा शृंगार धक्क्यावर उभ्या राहणाऱ्यांसाठीही असावा. येणाऱ्याचं तोंड दिसतं, जाणाऱ्याची पाठच दिसत राहते. पिछाडीवर जहाजाचं नाव चित्रातून सांगत. अक्षर न येणाऱ्या आईलाही आपला मुलगा कुठल्या जहाजावर चढला ते कळावं. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या या मोठ्या जहाजांना ‘रेटूरस्खिप’ म्हणत, परतीचं जहाज. नाव ठेवणारा आशावादी होता. 1602 पासून जवळजवळ दोनशे वर्षांत कंपनीच्या जहाजांतून सुमारे दहा लाख माणसं पूर्वेकडे निघाली. मायदेशी परतली ती जेमतेम तिसरा हिस्सा.

त्यांतली काही आमच्या वेंगुर्ल्यालाही उतरली. त्यांच्या वखारीच्या पडक्या भिंती आता झाडांच्या मुळांनी घट्ट धरून ठेवल्या आहेत. तिथून थोड्या अंतरावरच्या एस.टी. स्टँडवर मे महिना सरता सरता आजी मला मुंबईच्या गाडीत बसवायला यायची. गाडी हलली की ती खिडकीकडे बघायची नाही, डोळ्यांना पदर लावायच्या गडबडीत असायची. मग गाडी वळणाआड जाईपर्यंत तिच्या मागच्या पत्र्याकडे बघत राहायची. त्या पत्र्यावर ना वेलबुट्टी, ना बाळं. चिखलाचे शिंतोडे आणि एक भलामोठा पोचा. आजीला अक्षरओळख नव्हती. पुढच्या वर्षी मी उतरलो की माझ्या गालावरून हात फिरवायच्या आधी ती गाडीला वळसा घालून मागे जाऊन यायची आणि समाधानानं विचारायची, “त्याच पोचो पडलेल्या गाडयेन इलंस मा?”

मी दर वर्षी हो म्हणायचो.