पॉवर कॉर्ड बदलून आवाज सुधारण्याची शास्त्रोक्त पद्धत

पॉवर कॉर्ड म्हणजे भिंतीवरच्या सॉकेटपासून अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीपर्यंत जाणारी दीडेक मीटरची वायर. अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यात ती फुकट मिळते आणि फुकट मिळते हाच तिचा मुख्य दोष मानला जातो. तिच्या जागी मनगटाएवढी जाड, जाळीदार वेष्टनातली, चांदीचा मुलामा दिलेली कॉर्ड लावली की तबल्याच्या चाटीला धार येते, गायिकेचा श्वास ऐकू येतो आणि दोन स्वरांमधली शांतता अधिक शांत होते, असे ती विकणारे सांगतात. किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जातात. पुढील विवेचन वसई-विरार महापालिकेच्या हद्दीतल्या जूचंद्र गावचा श्रोता समोर ठेवून केले आहे. महावितरणच्या इतर ग्राहकांनाही ते लागू पडते.

खरेदीपूर्वी विजेचे कुळ पाहावे. जूचंद्रच्या घरात येणारी वीज याच पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या अणुकेंद्रातली असेल की कोयनेच्या पाण्यावर तयार झालेली, हे कोणाही श्रोत्याला सांगता येणार नाही. तारापूर 1969 साली सुरू झाले. कोयनेची क्षमता 1960 मेगावॉट आहे. या दोघांची आणि देशभरच्या शेकडो केंद्रांची वीज एकाच ग्रिडमध्ये मिसळते. 31 डिसेंबर 2013 रोजी दक्षिणेचे जाळे जोडले गेल्यापासून तर सारा देश एकाच लयीत, सेकंदाला 50 आवर्तनांनी चालतो. अणुवीज कोरडी वाजते आणि जलविद्युत दमट, असा भेद ज्याला ऐकू येत असेल त्याने आपल्या वाट्याचा माल वेगळा काढून देण्याची विनंती महावितरणकडे जरूर करावी.

मग मार्ग पाहावा. केंद्रापासून उपकेंद्रापर्यंतच्या तारा पोलादी गाभ्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. डीपीपासून निघणाऱ्या उघड्या तारांवर कावळे बसतात, पावसाळ्यात फांद्या घासतात आणि खाडीवरून येणारा खारा वारा वर्षभर लागतो. त्यापुढे सर्व्हिस वायर, मीटर, एमसीबी, भिंतीतली दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि सोसायटीच्या कंत्राटदाराने घाईघाईत पिळलेले सांधे. हे सगळे ओलांडून आलेल्या विजेला शेवटच्या दीड मीटरमध्ये चांदी भेटते. चांदी संपली की अ‍ॅम्प्लिफायरच्या आत फ्यूजची केसाएवढी तार आणि ट्रान्सफॉर्मरचे शेकडो वेढे तिची वाट पाहत असतात. कॉर्ड विकणारे या मार्गाचा आधीचा आणि नंतरचा भाग सहसा चित्रात दाखवत नाहीत.

कॉर्डची जाडी ठरवताना थोडे गणित करावे. दीड चौरस मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे 13 ओहम असतो. दीड मीटरच्या कॉर्डमध्ये जाणे-येणे धरून 0.04 ओहम. घरगुती संच अर्धा अँपिअर ओढत असेल तर कॉर्डमध्ये सुमारे 20 मिलिव्होल्ट गळतात. दुसरीकडे 230 व्होल्टच्या पुरवठ्यात वर-खाली 6 टक्क्यांपर्यंतचा फरक नियमात बसतो, म्हणजे साधारण 216 ते 244 व्होल्ट. इमारतीची पाण्याची मोटर सुरू झाली की जो झोका बसतो, त्यापुढे 20 मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नव्हे. तरीही ज्याला ते परत हवे आहेत त्याने जाड कॉर्ड घ्यावी. वीज तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहते, म्हणून मुलामा हवा, असे कोणी सांगितल्यास 50 हर्ट्झला तांब्यात हा परिणाम 9 मिलिमीटरच्या खोलीवर जाणवू लागतो, हे आठवावे. दीड चौरस मिलिमीटरची तार जेमतेम 1.4 मिलिमीटर रुंद असते.

महागड्या कॉर्डवर बहुधा बाण छापलेला असतो. तो अ‍ॅम्प्लिफायरकडे तोंड करून ठेवावा. वीज स्वतः सेकंदाला 100 वेळा दिशा बदलते, त्यामुळे निम्मा वेळ तरी बाण बरोबर असतो.

पिनेकडे मात्र गांभीर्याने पाहावे, कारण येथे विनोद संपतो. परदेशी कॉर्डला पुष्कळदा अमेरिकन चपट्या पात्यांची पिन असते आणि ती 125 व्होल्टसाठी बनवलेली असते. आपले सॉकेट तीन गोल भोकांचे, 6 किंवा 16 अँपिअरचे. दोहोंचे जमवण्यासाठी श्रोता रस्त्यावरून पन्नास रुपयांचा अ‍ॅडॅप्टर आणतो. लाखाची कॉर्ड त्यात हलते, तापते, ठिणग्या टाकते, आणि बऱ्याच अ‍ॅडॅप्टरांत अर्थची पट्टी आत कुठेच जोडलेली नसते. फुकटच्या कॉर्डला निदान आयएसआयची पिन असते आणि ती घट्ट बसते.

कॉर्ड लावल्यावर तिला 200 तास ‘मुरू’ द्यावे असे पत्रकात लिहिलेले असते. ही सूचना काटेकोरपणे पाळावी. तेवढ्यात कानाला नव्या मांडणीची सवय होते आणि माल परत करण्याची मुदतही संपते. कॉर्ड फरशीला टेकू नये म्हणून चिनी मातीचे छोटे ठोकळेही मिळतात. दिवाळीत दारात मोठी रांगोळी घालणाऱ्या घराने ते जपून मांडावेत.

आता श्रवण. फरक हमखास ऐकू यावा अशी इच्छा असेल तर कॉर्ड स्वतःच्या हाताने बदलावी, किंमत आठवावी आणि रात्री दीडनंतर ऐकावे. त्या वेळी वसई-दिवा मार्गावरची वर्दळ मंदावते, हळदीचा डीजे थांबलेला असतो, शेजारचा मिक्सर बंद असतो. खोली शांत झाली की कोणत्याही कॉर्डने आवाज सुधारतो. शिवाय कॉर्ड बदलताना संच बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. सूक्ष्म नादभेदाची कानाची आठवण काही सेकंदांचीच असल्यामुळे तेवढ्या वेळात आधीचा आवाज कसा होता हे सोयीने ठरवता येते. संच पुन्हा सुरू करताना व्हॉल्यूम किंचित वाढला तर उत्तमच, कारण जरासा मोठा आवाज माणसाला जास्त स्वच्छ वाटतो.

याउलट, खरोखर फरक आहे का हे जाणून घ्यायचे असेल तर कॉर्ड पडद्याआड दुसऱ्याने बदलावी, नाणे उडवून क्रम ठरवावा आणि श्रोत्याने उत्तर कागदावर लिहावे. 16 फेऱ्यांत 12 किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर ती निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी असते. जूचंद्र रांगोळीचे गाव आहे. तिथे एखादी छटा वेगळी आहे म्हणणाऱ्याला ती उजेडात शेजारी-शेजारी घालून दाखवावी लागते. कानाच्या बाबतीत ही अट लावणे उद्धटपणा समजला जातो. कॅलिफोर्नियात 2004 साली ध्वनिशौकिनांच्या एका मंडळाने हा उद्धटपणा केला. अडीच हजार डॉलरच्या घरातली कॉर्ड आणि साधी कॉर्ड न दाखवता ऐकवली. 149 पैकी 73 उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून याहून थोडी जास्त आली असती. कॉर्डवर समाधान न मानणाऱ्यांसाठी जपानचा रस्ता मोकळा आहे. तेथील काही शौकिनांनी शेजाऱ्यांची वीज नको म्हणून सुमारे दहा हजार डॉलर खर्चून स्वतःच्या अंगणात विजेचा खांब आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर उभारल्याचे 2016 साली छापून आले होते.

विजेतून आवाजात घाण कधीच शिरत नाही, असे मात्र समजू नये. ती शिरते, फक्त तिची वाट वेगळी असते. अ‍ॅम्प्लिफायर एका बोर्डावर, टीव्ही दुसऱ्यावर आणि केबलवाल्याची कोअ‍ॅक्स वायर तिसऱ्याच ठिकाणी जमिनीला टेकलेली असली की या अर्थांमध्ये प्रवाह फिरू लागतो आणि स्पीकर गुणगुणतो. अशा वेळी सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमर बंद करून पाहावा. वीज गेल्यावर चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर चालत असेल तर ट्रान्सफॉर्मर घुरघुरणारच. त्याला साइन वेव्हचा इन्व्हर्टर हाच उपाय. गुणगुण थांबते म्हणून पिनेचा अर्थचा खुंट कापण्याचा सल्ला देणारे प्रत्येक गल्लीत भेटतात. तो सल्ला घातक आहे. आतले इन्सुलेशन फुटले की अ‍ॅम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीत 230 व्होल्ट येतात आणि त्यांना जायला माणसाखेरीज वाट उरत नाही.

अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालण्याची जुनी रीत आहे. नायगाव-जूचंद्रच्या मिठागरांच्या पट्ट्यात अर्धे काम निसर्गानेच केले आहे: ओल्या खारट जमिनीत विजेला सहज वाट मिळते. पण तीच जमीन खड्ड्यातला जीआय पाइप आणि जोडाचे नटबोल्ट खाऊन टाकते, त्यामुळे अर्थिंग कागदावर असते आणि जमिनीत नसते. दर पावसाळ्यानंतर वायरमनकडून मल्टिमीटरने तपासून घ्यावे. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ यांच्यामध्ये जवळपास सारखे व्होल्टेज दिसले पाहिजे. फेज-अर्थमध्ये ते बरेच कमी आले तर जोड उघडून घासून पुन्हा आवळावेत, सैल सॉकेट बदलावे.

एवढे करूनही 100 हर्ट्झची घरघर राहिली तर कॉर्डचा नाद सोडून अ‍ॅम्प्लिफायर उघडावा. जुन्या संचात फिल्टर कपॅसिटर सुकलेले असतात. लॅमिंग्टन रोडवर त्याच मापाचे नवे मिळतात आणि फरक पडद्याआडूनही ऐकू येतो. बदलण्याचे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे, कारण पिन काढल्यानंतरही कपॅसिटर काही काळ भरलेले राहतात.