पक्षिगणनेला निघालेल्या नवशास्त्रज्ञांस सूचना

फेब्रुवारीत चार दिवस चालणारी 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' १९९८ साली अमेरिकेत सुरू झाली आणि २०१३ पासून ती जगभर, म्हणजे आपल्याकडेही होते. किमान पंधरा मिनिटं पक्षी बघायचे, ओळखायचे, मोजायचे आणि यादी 'ई-बर्ड' या संकेतस्थळावर भरायची. पदवी विचारत नाहीत, मुलाखत घेत नाहीत. नावात परसदार आहे म्हणून फ्लॅटवाल्यांनी खचू नये. गॅलरी चालते, गच्ची चालते, पाषाण तलावाचा काठही चालतो. शास्त्रज्ञ होणं इतकं स्वस्त झाल्यावर उरतं ते फक्त शास्त्रज्ञ दिसणं.

त्यासाठी लष्करी छापाचा शर्ट घ्यावा. तो घालून टेकडीवर उभं राहिलं की पक्ष्यांना आपण दिसत नाही, असं दुकानदार सांगतो. दुर्बीण गळ्यात असावी. ती डोळ्यांना लावण्याआधी टोपणं काढली तर अधिक दिसतं, पण हा ज्याच्या त्याच्या पद्धतीचा प्रश्न आहे.

प्रत्येक गटात एक 'सर' असतात. ते कुठल्या शाळेत शिकवतात हे विचारू नये. झाडावर काहीच नसलं की सर म्हणतात, "काल इथेच होता." हे वाक्य आधी पाठ करावं, बाकीचं पक्षिज्ञान नंतर आलं तरी चालतं. पानांत हिरवट-तपकिरी काही हललं की "वटवट्या" म्हणावं, आणि कुठला असं कुणी विचारलंच तर उजेडाला दोष द्यावा. दुर्दैवाने 'ई-बर्ड'च्या यादीत 'पर्णवटवट्या, जात नक्की नाही' अशी प्रामाणिक माणसांची सोय करून ठेवली आहे. ती वापरल्यास गटातला मान जातो. पावशा आणि शिक्रा यांचंही तसंच. पावशाचं सोंग इतकं बेमालूम आहे की छोटे पक्षीसुद्धा शिक्रा समजून त्याच्यावर तुटून पडतात. तेव्हा खुशाल शिक्रा लिहावा; शिकारी पक्ष्याने यादीला वजन येतं.

दुर्मिळ पक्षी लिहिला की संगणक शंका काढतो आणि मग कुणी स्थानिक जाणकार, तोही फुकट काम करणारा, पुरावा मागतो. वर्णनाच्या रकान्यात "अगदी पुस्तकातल्यासारखाच होता" असं लिहावं. एवढ्यावर समाधान झालं नाही तर तो जाणकार मत्सरी आहे असं समजावं.

फोटो हवा असेल तर मोबाइलवर त्या पक्ष्याचाच आवाज मोठ्याने लावावा. बिचारा दाणापाणी सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला येतो. आपल्याला चौदा लाइक मिळतात आणि त्याची सकाळ वाया जाते. (इथे विनोद करावा असं फार मनात होतं. जमलं नाही.)

आता आकड्यांविषयी. भोरड्यांचा थवा वळला की "हजारो" म्हणू नये; दहा मोजावेत, तेवढा तुकडा डोळ्यात धरावा आणि थव्यात असे किती तुकडे बसतात ते बघावं. हे मात्र खरंच असंच करतात. कावळे, पारवे, साळुंक्या यांना मोजण्यात काय शास्त्र, असं वाटणं स्वाभाविक आहे. खेदाची गोष्ट अशी की शास्त्राला तेच हवे असतात. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा २०२३चा अहवाल तीस हजारांहून अधिक हौशी लोकांच्या नोंदींवर उभा आहे आणि त्यात ९४२ जातींचा हिशेब मांडलाय. मोर वाढतोय, तारेवर बसणारा आपला नेहमीचा नीलपंख घटतोय, हे त्यातूनच कळलं. नीलपंख दिसला तेव्हा ज्यांनी "हा काय, रोजचाच" म्हणून सोडून दिला नाही, त्यांच्या यादीमुळे.

शिवाय जो पक्षी यादीत नाही तोही कामाचा असतो, कारण तो दिसला नाही हीसुद्धा नोंदच; मात्र त्यासाठी यादी पुरी हवी. म्हणून पाठवण्याआधी शेवटी प्रश्न येतो: ओळखू आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? कावळे गाळलेली मंडळी बिनदिक्कत 'हो' दाबतात आणि मिसळ खायला जातात. तुम्ही आधी कावळे लिहा, मग 'हो' दाबा. मिसळ कुठे पळून जात नाही.