ओट्यावरचा इजलास

रायपुरात तात्यापारा चौकाजवळच्या ज्या ओट्यावर आम्ही चार-सहा सेवानिवृत्त मराठी गृहस्थ सायंकाळी बसतो, त्यास भोसल्यांच्या अमदानीपासून फौजदारी अखत्यार बहाल असावेत, असा आमचा दृढ समज आहे. आणि फिर्याद एखाद्या जगड्व्याळ तंत्र-कंपनीविरुद्ध असली, की साक्षीपुराव्याआधीच निकाल देणे, हा या इजलासाचा लौकिक होय.

१९ जुलै २०२४ रोजी जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाएकी निळे पडून निपचित झाले, विमानतळांवर कारकुनांना बोर्डिंग पास हातांनी खरडावे लागले, तेव्हा ओट्याने मायक्रोसॉफ्टला तत्काळ दोषी ठरविले. वास्तविक सदोष फाइल धाडली होती क्राउडस्ट्राइक नामक सुरक्षा-कंपनीने. परंतु ते नाव कोणास धड उच्चारता येईना, आणि ज्याचे नाव उच्चारता येत नाही त्यास शिव्या देण्यात गोडी ती काय!

उलटपक्षी, गल्लीतील केबलवाल्याचे इंटरनेट भर पावसाळ्यात तीन दिवस बंद पडले, तेव्हा "बिचाऱ्याची वायर वानरांनी तोडली असेल हो," म्हणत आमच्यातील एका माजी हिशेबनिसांनी त्यास स्वखर्चाने चहा पाजला. बूढापाऱ्यातील बोळात गूगलचा नकाशा चुकला, तर हेच गृहस्थ त्यात आंतरराष्ट्रीय कारस्थान पाहतात. लहानाची चूक हा योगायोग, थोराची चूक हा कट, असे आमचे दंडविधान आहे.

सरकारी कायद्याची दृष्टी मात्र निराळी. २००२ च्या स्पर्धा कायद्याचे चौथे कलम मोठेपणास गुन्हा मानीत नाही, मोठेपणाच्या गैरवापरास मानते. अँड्रॉइड फोन बनविणाऱ्यांना आपल्या अ‍ॅप्सचा अख्खा गठ्ठा आगाऊ भरून देण्याची सक्ती केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड ठोठावला; मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला. ही हकीकत मी ओट्यावर सादर केली असता, हिशेबनीस आपला फोन चाळीत म्हणाले, "आहेत ती असू द्या हो, काढण्याचा ताप कोणी घ्यायचा?" फिर्याद तेथेच दफ्तरदाखल झाली.

थोरांना आमच्या शिव्यांचे भय कधीच नव्हते. त्यांना भय असते ते कलम, तारीख आणि रक्कम यांचे. आणि ही तिन्ही आमच्या इजलासाने अद्याप दाखल करून घ्यावयाची आहेत.