धप्प म्हणजे बेस नव्हे : साउंडवाल्या दादांना खुले पत्र

साउंडवाले दादा,



तुमचं नाव इथे लिहीत नाही. गणपतीच्या मांडवासमोरचं स्टेज, कॉलेजचं गॅदरिंग, नाट्यगृहातला जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, कंपनीचा वार्षिक समारंभ, सगळीकडे तुम्हीच भेटता. शहर बदलतं, मिक्सर बदलतो, तुमचा हात काही बदलत नाही. तो माझ्या बेस गिटारच्या चॅनलवर येतो, लो वर चढवतो, मिड खाली ओढतो, आणि मग संपूर्ण कार्यक्रमभर मी कोणता सूर वाजवला हे समोरच्या एकाही माणसाला कळत नाही. त्या हाताचा जाब विचारायला हे पत्र लिहितोय.

परवाचा साउंडचेक आठवा. ड्रमवाल्याकडून एकटी किक तुम्ही कितीतरी वेळ वाजवून घेतलीत. मग तुमचं आवडतं गाणं पेनड्राइव्हवरून लावलंत, सबवूफर हादरले आणि तुम्ही खूश झालात. माझी पाळी आली तेव्हा म्हणालात, "बेस, दे जरा." मी खालची ई तार मोकळी छेडली. तुम्ही बोट फिरवलं, पायाखालची फळी थरथरली, "ओके, नेक्स्ट." तुम्ही चारातली एक तार ऐकलीत, तीही एकदाच. बाकीच्या तीन तारांवर मी काय करणार आहे हे विचारावंसंही तुम्हाला वाटलं नाही. तुमच्यासमोर बत्तीस चॅनलचा डिजिटल कन्सोल होता, प्रत्येक चॅनलला पॅरामेट्रिक ईक्यू होता, आणि त्यातून तुम्ही एकच आवाज काढलात : धप्प.

आता तो धप्प कसा तयार झाला ते सांगतो, कारण तो माझ्या बोटांनी काढलेला नाही. चार तारांच्या बेसवर मोकळी ई ४१ हर्ट्झला वाजते, ए ५५ ला, डी ७३ ला आणि जी ९८ ला. वीस फ्रेटच्या मानेवर वर सरकत गेलो की शेवटचा सूर ३११ हर्ट्झपर्यंत पोचतो. हे नुसते मूळ सूर झाले. प्रत्येक सुराच्या डोक्यावर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे स्वर उभे असतात. तुम्ही ६० हर्ट्झभोवती भरमसाट उचललंत आणि २५० ते ८०० चा सगळा पट्टा "घुमतोय" म्हणून कापलात. परिणाम असा की ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा बी, जो ६२ हर्ट्झच्या आसपास असतो, तो फुगून बसला आणि जी तारेवरचं सगळं वादन बुडालं. फुगलेल्या बी ला ओळखायला लागणारे वरचे स्वर तुम्ही आधीच कापले होते, त्यामुळे तो बी आहे हेही कुणाला कळलं नाही. तबलजीच्या चॅनलवर डग्ग्याची नुसती घूम ठेवून मींड आणि चाट कापून टाकलीत, तर तो तिथल्या तिथे वादन थांबवेल. बेसवाला थांबत नाही, म्हणून तुमची खोड टिकून आहे.

या वाद्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक असता तर हे तुमच्या हातून झालं नसतं. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला. तोवर बँडमध्ये माणसाहून उंच डबल बेस असायचा. तो एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचा म्हणजे हाल, आणि ड्रम आणि ट्रंपेट सुरू झाले की बिचारा वाजवणारा स्वतःलासुद्धा ऐकू यायचा नाही. फेंडर यांनी मानेवर फ्रेट बसवले, म्हणून सूर अचूक लागला. पिकअप बसवला, म्हणून आवाज गर्दीतून बाहेर आला. हे वाद्य ऐकू यावं म्हणूनच घडवलं गेलं. ते ऐकू येऊ न देणं हा त्याच्या कर्त्याचा अपमान आहे, असं मी मानतो.

पुढे डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत जेम्स जेमर्सन यांनी १९६२ च्या प्रिसिजन बेसवर काय केलं, ते ऐका. जुन्या फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, उजव्या हाताची फक्त तर्जनी, आणि स्टुडिओत बहुतेक वेळा अँप न लावता थेट कन्सोलमध्ये जोडलेली केबल. कंपनीने त्यांचं नाव वर्षानुवर्षं रेकॉर्डवर छापलं नाही. गायक मार्व्हिन गे यांच्या १९७१ च्या अल्बमवर ते आलं. पण नाव माहीत नसलेल्या माणसांनाही त्यांच्या ओळी गुणगुणता येत होत्या. त्या माणसांनी त्या कशावर ऐकल्या? गाडीतल्या छोट्या रेडिओवर.

आपल्याकडेही तेच घडलं. पंचमदांच्या गाण्यांमध्ये टोनी वाझ बेस वाजवायचे. ती गाणी आपल्या आईवडिलांनी विविध भारतीवर, फळीवरच्या ट्रान्झिस्टरवर ऐकली. तळहाताएवढ्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडतच नाही. तरी बेस ऐकू यायचा, कारण वरचे ८२, १२४, १६५ हर्ट्झचे स्वर आणि त्यांच्याही वरचे स्वर कानापर्यंत पोचले की मेंदू खालचा मूळ सूर स्वतः भरून काढतो. ध्वनिशास्त्रात हे जुनं, पक्कं ज्ञान आहे. दादा, अठरा इंची सबची भिंत उभी करून तुम्ही जे श्रोत्यांना देऊ शकला नाहीत, ते त्या ट्रान्झिस्टरने दिलं होतं. त्याच्याकडे मिड होते. तुमच्याकडेही होते, तुम्ही ते फेकून दिलेत.

आणि यात नुसता माझा मान जात नाही, गाणं जातं. परवा दुसऱ्या गाण्याच्या मुखड्यात गिटार आणि कीबोर्ड एकाच कॉर्डवर थांबतात, गायिका एका सुरावर ठेहराव घेते, आणि खाली बेस सा वरून नी वर, नी वरून ध वर, ध वरून प वर उतरत जातो. वर काहीही हलत नाही, पण प्रत्येक पायरीला कॉर्डचा रंग बदलतो : आधी निवांत, मग अस्वस्थ, मग उदास. संगीतकाराने ती उदासी गायिकेच्या गळ्यात ठेवलेली नाही, गिटारमध्येही नाही, ती त्या चार सुरांत आहे. तुमच्या मिक्समध्ये ते चार सूर म्हणजे एकाच उंचीचे चार धक्के झाले. लोक टाळ्या वाजवून घरी गेले. आपल्याला काय ऐकायला मिळालं नाही हे त्यांना कधीच कळणार नाही, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग आहे.

स्टेजवर काय होत होतं तेही ऐका. ४१ हर्ट्झची एक लहर आठ मीटरहून लांब असते. एवढी लांब लहर समोरच जाते असं नाही, ती कॅबिनेटला वळसा घालून मागे येते. तुम्ही सब जेवढे चढवता तेवढा आमच्या पाठीशी गडगडाट साचतो. त्यात गायिकेला आधाराचा सूर सापडत नाही, ती वर सरकते, आणि मध्यंतरात आयोजक तिलाच विचारतात की आज सूर का लागत नाही. मला तुम्ही म्हणाला होतात, "अँप बंद ठेव, डीआयवरून घेतोय." ठेवलं. मॉनिटरमध्ये मात्र तुम्ही फक्त गायिकेचा आवाज दिलात. स्वतःचा सूर ऐकू आला नाही की कुठलाही वादक जोरात वाजवतो. जोरात ओढलेली तार फ्रेटवर आपटते, सूर सुरुवातीला चढा लागतो, बोट लवकर थकतं. बेसचा टोन पहिल्यांदा बोटात असतो, नंतर पिकअपमध्ये, नंतर तुमच्या कन्सोलवर. तुम्ही शेवटच्या जागी बसून पहिली जागा बिघडवलीत.

आयोजक "दणका पाहिजे" म्हणून तुमच्या खांद्यावर येऊन उभे राहतात, हे मला माहीत आहे. पहाटे टेम्पो रिकामा करायचा, रात्री उशिरा पुन्हा भरायचा आणि पैशांसाठी महिनाभर फोन करत राहायचं, हेही मी पाहिलंय. तुमच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण दणका किकचा द्या की! ६० हर्ट्झची जागा तिला देऊन टाका, ती तिचीच आहे. मला माझी जागा द्या.

काही बेसवालेही तुमच्या बाजूला उभे आहेत, त्यांनाही इथेच सांगतो. घरी खोलीत हळू आवाजात लो आणि हाय चढवून, मधलं कापून टोन बसवायचा, तो एकटा छान लागतो. हळू आवाजात आपला कान खालचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून मांडलं. तोच टोन स्टेजच्या आवाजात नेला की खालचा भाग दुप्पट वाटतो आणि मधे गिटार, कीबोर्ड, माणसाचा गळा येऊन बसतात. बेस नाहीसा होतो. अँपेगच्या मूळ एसव्हीटी अँपवर मिडसाठी २२०, ८०० आणि ३००० हर्ट्झ असा स्विच दिलेला होता. तीनशे वॉटचं, एका माणसाला सहज उचलता न येणारं अँप बांधणाऱ्यांनीही मिडची सोय ठेवली, कारण नुसत्या वॉटने सूर कळत नाही. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. ८०० चं बटण थोडं उचललं तर ओळ ऐकू येते.

म्हणून मागणी स्पष्ट करतो. माझ्या चॅनलवर ३० हर्ट्झच्या आसपास लो-कट लावा, त्याच्या खाली माझं काहीही नाही. ६० ला हात लावू नका. खरंच घुमत असेल तर २०० ते २५० मध्ये एक अरुंद काप घ्या, तोही पूर्ण बँड वाजत असताना ऐकून. मी एकटा वाजवत असताना घेतलेला निर्णय मला मान्य नाही. ७०० ते ८०० ला दोन-तीन डेसिबल द्या. मॉनिटरमध्ये मला मी आणि किक, एवढं पुरे. आणि तुमचा कन्सोल बाल्कनीच्या खाली, मागच्या भिंतीला टेकून असतो. तिथे लो साचतो किंवा गायब होतो, त्यामुळे त्या खुर्चीत बसून घेतलेला बेसचा कोणताही निर्णय विश्वासाचा नाही. उठा.

आपला पुढचा एकत्र कार्यक्रम कोजागिरीला आहे. साउंडचेक चारला ठरलाय, मी साडेतीनलाच येतो आणि केबल ओढायला हात लावतो. त्या बदल्यात एक करा : माझ्या चॅनलचा ईक्यू सपाट ठेवून आम्हाला एक अख्खं गाणं वाजवू द्या, आणि तेवढा वेळ हॉलभर फिरून, शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन ऐका.

कळावे,
तुमच्या सहाव्या चॅनलवरचा बेसवाला