फ्लाय फिशिंगला कसे जावे (साडूंसह)

फ्लाय फिशिंगला जाण्यासाठी तीन गोष्टी लागतात : पाणी, मासा आणि साडू. पैकी पहिल्या दोन नसल्या तरी भागते.

साडू नाशिकच्या कॉलेज रोडला राहणारा, बँकेतून मुदतीआधी निवृत्त झालेला आणि सकाळी फिरताना पावले मोजणारा असावा. मासा नावाचा प्राणी त्याने तोवर फक्त ताटात पाहिलेला असावा. मग एका रात्री त्याने अलास्कातल्या लाकडी लॉजचे व्हिडिओ पाहावेत. पाण्यावर उतरणारे विमान, धक्क्यावर उभा दाढीवाला गाइड, गुडघाभर थंड पाण्यात शांत चित्ताने दोरी फिरवणारे निवृत्त लोक. दुसऱ्या दिवशी मिसळीची तर्री वाढून घेता घेता त्याने जाहीर करावे, "आपल्याला हे करायचंय." गाडी कोणाची न्यायची हे वेगळे विचारू नये.

स्थळ. नाशिकला अलास्का नाही, पण घोटी आहे. घोटीवरून आत वळले की अप्पर वैतरणेचा जलाशय लागतो. या धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि दर शनिवारी मुंबई ते पाहायला इकडे येते. म्हणून मंगळवारी जावे. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. पावसाळ्यात मासे अंडी घालण्याच्या कामात असतात, त्यांना त्रास देऊ नये. शिवाय इगतपुरीच्या पावसात समोरचा साडूही दिसत नाही, तर पाण्यातला मासा काय दिसणार. श्रावणात नावही काढू नये, घरचा विरोध सोसत नाही. मे महिन्यात पाणी मागे सरते आणि काठाला चिखल उघडा पडतो. वरून तो वाळलेला दिसतो. दिसतो तेवढेच.

परवानगी. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना आधी विचारावे. रिसॉर्टच्या मॅनेजरने "चालतंय हो" म्हटले तर त्याला परवानगी समजू नये. त्याच्या दृष्टीने गिझर बंद असणेसुद्धा चालतेच.

साहित्य. हा विषय मोठा आहे. रॉडची किंमत दोन प्रकारची असते : साडूंनी घरी सांगितलेली आणि खरी. दोहोंतला फरक ज्याला ठाऊक आहे त्याने जेवणाच्या टेबलावर मौन पाळावे. रॉडवर आकडा असतो, पाच, सहा, आठ वगैरे. तो लांबीचा नसून दोरीच्या वजनाचा असतो, आणि रॉडला जोडीची दोरी नसेल तर सगळा खर्च पाण्यात. दोरीच्या टोकाला नऊएक फुटांचा निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा आणि त्याच्या टोकाला ती सुप्रसिद्ध माशी. ही माशी म्हणजे बारीक गळाला पिसे आणि दोरा गुंडाळून केलेले किड्याचे सोंग. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला कोंबड्याच्या मानेचे पीस सर्वांत चांगले, कारण ते ताठ असते आणि पाणी कमी पिते. साडूंनी अशा डझनभर माश्या परदेशातून मागवल्या. त्या आल्या त्या डबीवर पिसांच्या दर्जाविषयी इंग्रजीत एक परिच्छेद होता. आम्ही तो मोठ्याने वाचत असताना आमच्या गाइडचा कोंबडा, मान, पिसे आणि सगळा दर्जा घेऊन, खाटेखालून दोनदा गेला.

गाइड. यावाचून काही होत नाही. अलास्कात तो दाढीवाला असतो. आमचे आबा म्हणजे काठावरच्या पाड्यातले, सत्तरीचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. त्यांच्या हाती बांबूची काठी, तिला नायलॉनचा दोरा आणि तरंगायला थर्माकोलचा तुकडा. त्यांनी साडूंची माशी तळहातावर घेतली, उलटी करून पाहिली आणि अदबीने विचारले, "साहेब, हे खातं कोण?"

"मासा, आबा."

"कुठला?"

साडूंनी पुस्तकातली पाच नावे सांगितली. आबांनी माशी परत दिली.

गाठ. हा एकच नियम पाठ करा, बाकी विसरलात तरी चालेल. धागा गळाच्या नेढ्यातून ओवून स्वतःभोवती पाच वेढे द्यावेत, टोक नेढ्याजवळच्या फाशातून काढावे आणि ओढण्यापूर्वी गाठीला थुंकी लावावी. कोरडी गाठ आवळताना धागा घासून तापतो आणि नेमका मोठा मासा लागला की तिथेच तुटतो. हे साडूंच्या इंग्रजी पुस्तकात आहे आणि आबाही तसेच करतात. पुस्तकाने थुंकीला 'ओलावा' म्हटले आहे, एवढाच काय तो फरक.

फेक. साध्या गळाला शिसे लावले की शिसे पुढे जाते आणि दोरा मागून ओढला जातो. इथे उलटे. माशीला वजनच नाही, म्हणून फेकायची ती दोरी. रॉड मागे न्यावा आणि दोरी मागच्या मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावे. मगच पुढे आणावा. सगळी कला त्या थांबण्यात आहे. घाई केली तर चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटून निघून जाते. साडूंना थांबणे हा प्रकार उभ्या आयुष्यात जमलेला नाही. सिग्नलला ते लाल दिवा हिरवा व्हायच्या आधी हिरवा समजतात. त्यामुळे पहिल्या तासात चार माश्या गेल्या : दोन हवेत, एक करवंदीच्या जाळीत आणि एक माझ्या टोपीत. शेवटचीचे मला विशेष वाटले नाही, पण टोपी नवी होती. मार्गदर्शकाने साडूंच्या मागे उभे राहू नये. उजव्या बाजूलाही नाही.

पाण्यात उतरणे. इथे मी जरा गंभीर होतो. व्हिडिओतले लोक ज्या नदीत उभे असतात तिचा तळ गोट्यांचा असतो आणि तो दिसतो. धरणाचा तळ दिसत नाही. गाळ असतो, बुडालेली शेतं असतात, बांध असतात, आणि जुन्या नदीच्या पात्रापाशी जमीन एकदम संपते. छातीपर्यंतचे ते रबरी विजारीसारखे वेडर घालून माणूस तिथे घसरला तर त्यात पाणी भरते आणि उठता येत नाही. साडू उतरायला निघाले तेव्हा आबांनी एरवी कधी वापरत नाहीत असा आवाज वापरला. साडू काठावरच बसले. तुम्हीही काठावरच बसा.

मासे. साडूंना हवा होता महशीर, आपल्याकडचा खडस. सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून 1839 साली त्याची शास्त्रीय नोंद केली, आणि टाटांनी लोणावळ्याच्या वळवणला त्याचे मत्स्यबीज तयार करून अनेक जलाशयांत सोडले. याच वैतरणेच्या खालच्या अंगाला, वाड्याजवळ तिळसेश्वराच्या देवळापाशी, हे मासे भाविकांनी टाकलेला खाऊ खायला काठाशी येतात आणि देवाचे म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. साडूंना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तिथे नक्की आहेत." मी विषय बदलला.

प्रत्यक्षात तुम्हाला भेटते ती चिलापी. 1952 मध्ये ही आफ्रिकेची पाहुणी भारतात आणली गेली आणि आता पाण्याचे डबके दिसले की तिथे ती आधीच राहत असते. तिची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते आणि त्या दिवसांत फारसे खात नाही. तेव्हा तासभर काही लागले नाही तर आपल्या फेकीला दोष न देता तिच्या मातृत्वाला नमस्कार करावा. साडूंना ही सबब अतिशय आवडली.

मरळही असते. काठाजवळ लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यात वळवळताना दिसला तर खाली आई आहेच. ती तेव्हा इतकी चिडलेली असते की काहीही टाकले तरी झडप घालते. साडूंना असा पुंजका दिसला आणि त्यांनी रॉड उचलला. आबा म्हणाले, "तिकडं नको, साहेब. पोरं हायेत तिच्याजवळ." नियम म्हणून हा कुठल्या पुस्तकात आहे की नाही ते पाहू नका. पाळा.

चारा. आदल्या संध्याकाळी आबा एका ठरावीक जागी शेंगदाण्याच्या पेंडीचे गोळे टाकून येतात, म्हणजे सकाळी मासे तिथे सवयीने जमतात. साडूंना ही फसवणूक वाटली. त्यांच्या माहितीसाठी : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 12व्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि राजाच्या करमणुकींमध्ये गळाने मासे धरण्यावर 'मत्स्यविनोद' नावाचे अख्खे प्रकरण घातले. माशांच्या जाती, काठी, दोरी आणि कोणत्या माशाला कसला चारा घालावा, सगळे त्यात आहे. इंग्लंडातला आयझॅक वॉल्टन, ज्याची साडू शपथ घेतात, त्याचे पुस्तक 1653 चे. तेव्हा पेंड हा राजमान्य प्रकार समजावा. हे ऐकून साडूंनी माशी सोडली आणि गळाला कणीक लावली. पंधरा मिनिटांत त्यांना वीतभर चिलापी लागली. त्यांनी असा आरडाओरडा केला की पलीकडच्या काठावरचे बगळे उठले.

छायाचित्र. हात ओले करून मासा धरावा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडला तरी तो जगत नाही. हात कॅमेऱ्याकडे पूर्ण लांब करावेत, मासा वाढतो. कुटुंबाच्या ग्रुपवर हे चित्र 'फ्लाय फिशिंग, वैतरणा' या नावाने गेले. कणकेचा उल्लेख करणे माझ्यावर बंधनकारक नव्हते, पण मी केला.

भोजन. जलाशयाच्या काठावरच्या रिसॉर्टमध्ये ताज्या माशाची चौकशी करावी. बर्फातली सुरमई मिळते, समुद्रातली. पिठले-भाकरी मागवावी.

परतीच्या वाटेवर, घोटीच्या आसपास, साडू पुढचा बेत जाहीर करतात. आमच्या साडूंनी जाहीर केले की खरी माशी चालते ती काश्मीरला, इंग्रजांनी तिथे 1900 च्या सुमारास ट्राउट आणून सोडला, लॉजही लाकडी आहेत, आणि आपण मे महिन्यात निघू.

मी इतकेच विचारले की आबांचे तिकीट कोण काढणार. साडू म्हणाले, "काढलंय."