तुमच्याकडे बरं असतं हो!

तोंडावर कोणी हलकं लेखलं तर भांडता येतं. पुण्यातली माणसं ती संधी देत नाहीत. "अय्या, जळगावचे? किती साधी माणसं असतात हो तुमच्याकडची!" पाठोपाठ ठरलेलं येतं, "आणि बहिणाबाईंची ती अहिराणी, काय गोड!" बहिणाबाई असोद्याच्या, त्यांची गाणी लेवा गणबोलीतली. 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापून आली, तेव्हापासून महाराष्ट्र आम्हाला गोड म्हणतोय आणि बोलीचं नाव चुकवतोय. दुरुस्ती केली तर उत्तर मिळतं, "असेल, पण गोडच ना!" इथे वाद संपतो. गोड ठरवलेल्या माणसाला चिडायची सोय नसते.

या दुखण्याला मराठीत नावं पुष्कळ: शिष्टपणा, तोरा, मिजास, टेंभा. सगळी दुसऱ्यासाठी. "सध्या माझी मिजास वाढलीय" म्हणत डॉक्टरकडे गेलेला मनुष्य मी पाहिलेला नाही.

आम्ही काही कमी नाही. पुण्याहून जळगावला परतलो की आमची मान आपोआप सरळ होते, कारण समोर धुळं असतं. माझी सासुरवाडीच तिथली. मी एकदा सहज म्हणालो, "रेल्वे आहे म्हणा तुमच्याकडे, चाळीसगावहून फाटा येतो तेवढा." 'तेवढा' जरा लांबवला होता. सासऱ्यांनी सुपारी कातरायची थांबवली.

"जावईबापू, 1906 पर्यंत अख्खा खान्देश एकच जिल्हा होता. मुख्य ठाणं कुठलं? धुळं. तुमचं जळगाव आमच्या जिल्ह्यात होतं." हे ते अशा सुरात सांगतात, की जळगाव त्यांनी स्वतः, दया येऊन, वेगळं काढून दिलं असावं. मग आग्रा रोड निघाला. मग इतिहासाचार्य राजवाडे: "एवढा विद्वान माणूस, शेवटी आला कुठे? इथेच ना!" राजवाडे 1926 साली धुळ्यात वारले, हे खरं. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळही तिथंच आहे. मी सराफ बाजार काढला, विद्यापीठ काढलं. 1990 साली ते जळगावला झालं, ही धुळ्याच्या जिव्हारी लागणारी जागा. सासरे शांतपणे म्हणाले, "हो, पोरांना शिकायची गरज तिकडेच जास्त."

नंदुरबारचा विषय निघाला तेव्हा मात्र आमचं एकमत झालं. तो जिल्हा 1998 साली धुळ्यातून वेगळा झाला. "लहान आहे अजून," सासरे म्हणाले. मीही मान डोलावली. नंदुरबारकर कोणाकडे बघून मान डोलावतात, याची चौकशी करायला हवी.

परवा पुण्याचे एक स्नेही जळगावला आले. सासरेही आलेले होते. घरात शेवभाजी, काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी. पाहुण्यांनी पहिल्या घासाला "वा, अस्सल ग्रामीण चव!" म्हटलं. दुसऱ्या घासाला डोळे पुसले. तिसऱ्याला, घरात साखर असेल का, असं हळूच विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग जळगाव आणि धुळं एका सुरात, अत्यंत मायेने म्हणालं, "असू द्या हो. तुमच्याकडे सवय नसते ना!"

"पण माणसं गोड," सासऱ्यांनी वर जोडलं, आणि साखरेचा डबा पुढे सरकवला.