डबा कुणी बाहेर काढला?

सरकारी नोकरीत असताना चौकशी अधिकाऱ्याचं काम माझ्या गळ्यात बरेचदा पडलं. हापशाचे पाइप गोदामातून कसे उडून गेले, जीप उभी असताना डिझेल कुणी प्यायलं, हजेरीपटावर वारलेल्या माणसाची सही कशी, असले विषय. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात घालून घेताना मनात एकच विचार होता, की आता कुणाचेही जबाब नोंदवायचे नाहीत. पण 2014 च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं लेकीकडे रेडिंगला सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलो आणि तिथे गेल्या गेल्या माझ्यासमोर आयुष्यातलं सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण आलं. एका आइस्क्रीमचं.

तिथे ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ नावाचा कार्यक्रम लागायचा. बीबीसी वनवर, दर बुधवारी रात्री आठला. हिरवळीवर एक पांढरा मांडव, त्यात रंगीत ओटे, आणि हौशी मंडळी केक भाजतायत. त्या वर्षी तो मांडव वेलफर्ड पार्कमध्ये होता, म्हणजे आमच्याच बर्कशायर परगण्यात. त्यामुळे लेकीच्या घरात या कार्यक्रमाला गावजत्रेइतकी आपुलकी. परीक्षक दोन. मेरी बेरी या आजीबाई, ज्या कच्च्या केकलाही ‘रंग छान आलाय’ म्हणणार. आणि पॉल हॉलिवूड, जे निळ्या डोळ्यांनी केककडे असे बघणार की केकनंच माफी मागावी. दर आठवड्याला तीन फेऱ्या आणि शेवटी एकाला निरोप. निरोपही कसा, तर सगळे गळ्यात पडून रडतायत, घालवणारेसुद्धा. आपल्याकडे सासरी जाणाऱ्या मुलीलाही हल्ली कुणी इतकं रडत नाही.

27 ऑगस्टचा भाग गोड पदार्थांचा होता. शेवटच्या फेरीत ‘बेक्ड अलास्का’ करायचा होता. हा काय प्रकार ते जावयांनी मला समजावून सांगितलं. खाली केकचा थर, वर आइस्क्रीमचा डोंगर, आणि त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा नि साखरेचा फेस चहूबाजूंनी थापायचा. मग अख्खं प्रकरण कडकडीत ओव्हनमध्ये घालायचं. फेसातल्या हवेच्या बुडबुड्यांची गोधडी होते, बाहेरून तो तांबूस भाजला जातो आणि आत आइस्क्रीम गारच्या गार राहतं. 1867 साली अमेरिकेनं रशियाकडून अलास्का विकत घेतलं, त्या बर्फाळ प्रदेशाचं नाव या पदार्थाला मिळालं. फ्रेंच लोक यालाच नॉर्वेचं ऑम्लेट म्हणतात. आमची ही म्हणाली, “आइस्क्रीम आधी गोठवायचं आणि मग भट्टीत घालायचं? रिकामपणाचे उद्योग.”

तर दिवस उन्हाळ्याचा, मांडवात ओव्हन पेटलेले, आणि फ्रीझर सामायिक. स्पर्धकांत इयान वॉटर्स नावाचा बेलफास्टचा दाढीवाला तरुण होता, पेशानं बांधकाम अभियंता. त्याच्यासोबत होत्या डायना बिअर्ड, वय वर्षं 69, स्पर्धेतल्या सगळ्यात ज्येष्ठ. इयान आइस्क्रीम घ्यायला गेला तर त्याचं आइस्क्रीम फ्रीझरच्या बाहेर, आणि पार पातळ झालेलं. ते डायनाबाईंनी बाहेर काढून ठेवल्याचं पडद्यावर दिसत होतं. तुला तुझा वेगळा फ्रीझर आहे ना, अशा अर्थाचं काहीतरी बाई म्हणाल्या. इयाननं एकदा त्या राड्याकडे पाहिलं, आणि केकसकट सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकून तो तडक मांडवाबाहेर गेला.

परत आला तेव्हा परीक्षकांची वेळ झाली होती. एकेक जण आपापला अलास्का घेऊन पुढे जातोय. इयाननं काय केलं? कचऱ्याचा डबा उचलला आणि परीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

आमच्या दिवाणखान्यात कुणी श्वास घेईना. मेरी बेरींनी डब्यात डोकावून पाहिलं. पॉल म्हणाले की चाखायला काही हवं ना. तासाभराच्या शेवटी इयान घरी गेला, आणि देश पेटला.

पेटला म्हणजे खरंच. बीबीसीकडे आठशेच्या वर तक्रारी गेल्या. प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ऑफकॉमपर्यंतही काही पोचल्या. त्यांनी औपचारिक चौकशीची गरज नाही असं ठरवलं. (माझ्या काळात असं कुणी ठरवलं असतं तर माझी निम्मी नोकरी वाचली असती.) 1972 च्या वॉटरगेटपासून कुठल्याही भानगडीला ‘गेट’ची शेपटी लावायची चाल पडलेली, त्यामुळे हिचं बारसं ‘बिनगेट’ असं झालं. इयानला ‘न्यूजनाइट’वर बोलावलं. पंतप्रधानांना घाम फोडणारा कार्यक्रम तो! स्कॉटलंड ब्रिटनमध्ये राहणार की जाणार याचं मतदान 18 सप्टेंबरला, तीन आठवड्यांवर होतं. पण दूधवाल्यापासून बसवाल्यापर्यंत प्रत्येकाला पडलेला प्रश्न इयान का गेला हा होता.

शेजारच्या बाई वयानं माझ्याएवढ्या. तोवर आमचं बोलणं आज ऊन आहे, आज ऊन नाही, एवढ्यावरच चाललेलं. गुरुवारी सकाळी त्यांनी गुलाबाची छाटणी थांबवली, कात्री हातातच होती, आणि कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, “त्या बाईचा मला जरा रागच आलाय.” इंग्रज माणूस ‘जरा’ म्हणतो तेव्हा समजायचं की घराला आग लागली आहे. पुढची वीस मिनिटं त्या बोलत होत्या. पंधराव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की डायनाबाई केव्हाच मागे पडल्या आणि विषय त्यांच्या धाकट्या जावेवर आला आहे. तिनं 1983 च्या नाताळात यांचं ट्रायफल फ्रीजमधून काढून स्वतःचा मासा आत ठेवला होता.

तिथून पुढे मी हा खटला वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. आमच्याच घरातले जबाब घ्या. जावई पूर्णपणे इयानचे, कारण त्यांच्या ऑफिसातल्या सामायिक फ्रीजमधून त्यांचा डबा दोनदा गायब झालेला. लेक डायनाबाईंची, कारण अख्ख्या संसाराला एक फ्रीझर पुरवताना काय होतं ते तिलाच ठाऊक. तिच्या मते जागा करायला डबा हलवणं हा गुन्हा असेल तर तिला जन्मठेप व्हायला हवी. सात वर्षांच्या नातीचा एकच मुद्दा, आइस्क्रीम पातळ झालं होतं तर ते प्यायला हवं होतं. चौकशी अधिकाऱ्याच्या नात्यानं सांगतो, या मुद्द्याला उत्तर नाही.

मी स्वतः पुराव्यावर अडून बसलो होतो. निवेदिका सू पर्किन्स सांगत होत्या की ते आइस्क्रीम बाहेर होतं उणंपुरं चाळीस सेकंद. पॉल हॉलिवूडही तेच म्हणाले: घालवलं ते आइस्क्रीमनं नव्हे, डब्यानं. चाळीस सेकंदांत आइस्क्रीमची बासुंदी होत नाही, म्हणजे ते आधीच गोठलेलं नव्हतं. शिवाय दिवसभराचं चित्रण कापून तासाचा कार्यक्रम करायचा म्हटल्यावर कुठला चेहरा कुठल्या डब्यानंतर दाखवायचा हे ठरवणारा माणूस मांडवात नसतोच. मी रीतसर टिपण केलं: (अ) फ्रीझरचा ताबा कोणाकडे, (आ) खणांचं वाटप लेखी होतं काय, (इ) साक्षीदार. शेवटी शेरा मारला, ‘दोष फ्रीझरच्या संख्येचा. सबब उभयतांना समज देऊन प्रकरण निकाली.’

आमच्या हिनं ते टिपण वाचलंही नाही. ती पोळ्या लाटत होती. “डबा कुणी काढला ते जाऊ दे,” ती म्हणाली, “ताट भिरकावणारे पुरुष आमच्या आजीनं पाहिलेत. भाजीत मीठ जास्त झालं की ताट अंगणात. मग दुपारभर घर चिडीचूप, आणि संध्याकाळी तीच आजी पुन्हा चूल पेटवणार. या मुलानं निदान स्वतःचंच ताट फेकलं, एवढं बरं. पण फेकलेलं परत वाढायला आणलं, हे मात्र मी पहिल्यांदा पाहिलं.” आठशे तक्रारदारांपैकी कुणाला हे सुचलं असेल असं मला वाटत नाही.

आता इथपर्यंत माझी बाजू स्वच्छ होती.

शुक्रवारी, 29 ऑगस्टला गणेश चतुर्थी. आमच्या हिनं पुण्याहून आंबेमोहोराची पिठी कापडी पिशवीत बांधून आणली होती. विमानाच्या तेवीस किलोंतले दोन किलो तिचे, आणि त्यापायी माझे बूट घरी राहिले होते. ओल्या नारळाचा चव तिथे गोठवलेला मिळतो, पाकिटात, विटेसारखा. अशी तीन पाकिटं फ्रीझरच्या चौथ्या खणात. पहाटे पाचला काढायची, सातला सारण, आठला उकड, अकराला नैवेद्य, असं वेळापत्रक तिनं तोंडानं तीनदा आणि जावयांच्या मोबाइलवर एकदा नोंदवलं होतं. त्याच खणात, पाकिटांच्या खाली, जावयांनी इयानच्या सन्मानार्थ आणलेला चॉकलेट आइस्क्रीमचा डबा होता.

मला मधुमेह आहे. त्यामुळे आइस्क्रीम खाण्याची माझी वेळ रात्री साडेअकराची. दिवा लावायचा नाही, फ्रीझरच्या उजेडावर भागवायचं. खाली बसलो, पाकिटं काढून मागे ओट्यावर ठेवली, डबा काढला, चार चमचे खाल्ले, डबा परत ठेवला, खण लोटला, चमचा धुऊन पुसून जागेवर ठेवला. पुराव्याच्या बाबतीत तीस वर्षांचा अनुभव होता हो. आणि समाधानानं झोपायला गेलो.

पहाटे पाचला स्वयंपाकघरातून “अगं बाई!” असा आवाज आला. मी पोचलो तेव्हा सगळं घर जमलेलं. तिन्ही पाकिटं मेणासारखी मऊ होऊन ओट्यावर लोळत होती. एक फाटकं निघालं होतं आणि त्यातून झिरपलेलं पाणी खालच्या पिठीच्या पिशवीनं रात्रभर, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन घेतलं होतं. अंधारात मी पाकिटं नेमकी त्या पिशवीवर ठेवली होती. हिनं पिशवी उचलली. कापडातून टप टप पांढरं गळलं. तिनं एकदा पिशवीकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या पायानं उघडायच्या कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. जावई काही न बोलता जाऊन त्या डब्यासमोर उभे राहिले.

“कुणी काढलं हे बाहेर?”

मी घसा साफ केला. “घाई करायची नाही. आधी हे सांगा, रात्री फ्रीझर शेवटचा कुणी उघडला?” जुनी सवय. लेक म्हणाली नऊला, जावई म्हणाले साडेनऊला. मी नातीकडे वळलो. ती माझ्याकडेच बघत होती, जरा खाली.

“आजोबा, तुमच्या सदऱ्यावर चॉकलेट आहे.”

“बाहेर फार तर चाळीस सेकंद...” मी म्हणालो.

“साडेपाच तास,” ही म्हणाली.

नंतर तिनं जे केलं ते मी बारकाईनं पाहिलं, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती. पिशवी परातीत उलटी केली. कडेची पिठी चिखल झाली होती, पण मधला गोळा कोरडा निघाला. तो तिनं बोटांनी, कुंकू वेचावं तसा, वेगळा केला आणि दोनदा चाळला. भिजलेल्यात मीठ आणि पाणी घालून पातळ केलं, तवा ठेवला, आणि पंधरा मिनिटांत जाळीदार घावन ताटात आलं. त्याला नारळाच्या त्या पाण्याची चव होती. चव पिळून गुळाबरोबर कढईत पडला. रोजच्यापेक्षा दुप्पट वेळ आटला इतकंच. कोरड्या पिठीत मोदक झाले अकरा. एकविसाच्या जागी अकरा. बाप्पांनी चालवून घेतलं. कळी फुटलेला एक मोदक निघाला, तो न विचारता माझ्या पानात पडला.

पुढच्या बुधवारी डायनाबाई कार्यक्रमात दिसल्याच नाहीत. तब्येत बिघडल्यामुळे त्या परतल्या नव्हत्या. शेजारच्या बाईंनी मान अशी हलवली की जणू जाऊबाईंनाच शिक्षा झाली. मी मात्र पहिल्यांदा गप्प राहिलो. सत्तरीला आलेल्या एका माणसानं एक डबा इकडचा तिकडे ठेवावा आणि सगळ्या देशानं त्याच्याकडे बोट दाखवावं, हे किती अन्यायाचं आहे यावर मला आता बरंच बोलता आलं असतं, पण घरात ऐकून घेणारं कुणी उरलं नव्हतं. फ्रीझरच्या चौथ्या खणावर एव्हाना चिठ्ठी लागली होती. नात नुकतीच बाराखडी शिकत होती. ‘आजोबानी उघडु नये.’ मी ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवून दिली. तिनं ती दुरुस्त केली आणि चिठ्ठी जास्त मोठ्या अक्षरात लावली.

8 ऑक्टोबरला अंतिम फेरी झाली. नॅन्सी बर्टविसल जिंकल्या. त्याही आजीबाई, त्यामुळे आमच्याकडे जल्लोष झाला, शेजारच्या बाईही आल्या होत्या. इतक्या आनंदाच्या प्रसंगी सगळ्यांचं तोंड गोड करावं म्हणून मी सोफ्यावरून उठलो.

“कुठे निघालात?” चौघांनी एकदम विचारलं. शेजारच्या बाईंना मराठी येत नाही, पण त्यांनीही वळून पाहिलं.